पाणी कुठून आणता?

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात गरिबांना मदत करणाऱ्या विन्सेंट डी पॉल सोसायटीची बैठक दर आठवड्याला भरते. चर्चच्या मागच्या इमारतीत एक खोली, लांब टेबल, लोखंडी कपाटात वह्या. प्रार्थना होते, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं जातं, मग प्रत्येक जोडी आठवडाभरात कुणाकडे जाऊन आली ते सांगते. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. मूठ मिटून हात आत घालायचा. कुणी किती टाकले हे शेजारच्यालाही कळत नाही, आणि एखाद्याने काहीच टाकलं नाही तर तेही कळत नाही. आमच्यात घरगडी म्हणून राबलेले लोक आहेत, तसे मोठ्या पगारावरून निवृत्त झालेलेही आहेत. त्या पिशवीसमोर सगळे एका ओळीत येतात, म्हणून मला ती फार आवडते.

बँकेतली नोकरी संपल्यावर फादरांनी विचारलं, "हिशेब बघाल का?" मी हो म्हटलं. हिशेबाचं काम थोडक्यात आटोपतं. बाकी सगळं काम चर्चच्या आवाराबाहेर असतं. सोसायटीचा पहिला नियमच असा की मदत चर्चच्या दारात द्यायची नाही, ज्याची त्याच्या घरी जाऊन द्यायची. आणि एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. एक जण बोलत असताना दुसऱ्याचं घराकडे लक्ष असतं. कुणा एकाच्या मनात दया किंवा राग फार दाटला तर दुसरा सावरतो. शिवाय पैशाचा व्यवहार दोघांच्या देखत झाला की कुणाच्या मनात किंतु राहत नाही.

हा शिरस्ता पॅरिसचा. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र एका चर्चामंडळात इतिहास-तत्त्वज्ञानावर वाद घालत असत. तिथे विरोधकांनी विचारलं, चर्चने कधीकाळी मोठी कामं केली असतील, पण आज तुम्ही काय करता? आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं गेली होती. हे तरुण सिस्टर रोझाली रेंदू यांच्याकडे गेले. मूफ्तारच्या गरीब वस्तीत त्या वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्यांनी घरं दाखवली आणि त्या घरात कसं वागायचं, काय बोलायचं, काय बोलायचं नाही, हेही शिकवलं. पहिल्यांदा ही मुलं हिवाळ्यासाठी जमवलेली आपली लाकडं घेऊन एका घराचे जिने चढली, असं सांगतात. ओझानाम पुढे सॉर्बोनमध्ये प्राध्यापक झाला, चाळिशीतच १८५३ साली वारला, आणि १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केलं. नव्या सभासदांना मी हे आवर्जून सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की ही सोसायटी धर्मगुरूंनी काढली. ती कॉलेजच्या मुलांनी काढली. गावाकडच्या आमच्या मुलांना हे कळलं की ती सरसावून बसतात.

वसईला तर सेवेची परंपरा त्याहून जुनी आहे. पोर्तुगीज काळात वसईच्या किल्ल्यात मिझेरिकॉर्दिया होती. आजाऱ्यांची, विधवांची, अनाथांची काळजी घेणारी ही बंधुसंघटना १४९८ साली लिस्बनला सुरू झाली आणि पोर्तुगीज जिथे गेले तिथे पोचली. १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांनी घेतला. आज तिथे भिंती आणि झाडं आहेत.

माझ्या जोडीला नाना असतात. त्यांची फुलांची बाग आहे. सत्तरी ओलांडली तरी पहाटे फुलं खुडून होतात, मुलगा ती घेऊन दादरच्या बाजाराला जातो, आणि नाना उरलेल्या दिवसाला मोकळे होतात. मला ते 'बाय' म्हणतात, आमच्याकडे घरच्या बाईला म्हणतात तसं. घरात शिरल्यावर कसं बोलावं हे मी त्यांच्याकडून शिकले. दारात चप्पल काढली, घरातल्या माणसाने बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं, ते प्यायलं, की नाना विचारतात, "पाणी कुठून आणता?"

अडचण काय, कमाई किती, नवरा काय करतो, यातलं काहीच ते आधी विचारत नाहीत. वसईत पाण्याचा प्रश्न विचारला की माणूस आपोआप बोलू लागतो. पश्चिमेच्या आमच्या गावांत अजून विहिरी आहेत, काही बावखलं, म्हणजे गावतळी, शाबूत आहेत. पूर्वेला नालासोपाऱ्याच्या चाळींत मात्र पाणी हा रोजचा हिशेब आहे. सूर्या धरणाचं पाणी आलं, तरी सगळ्या गल्ल्यांत ते सारखं पोचत नाही. टँकर येतो, कॅन विकत घेतले जातात, कुठे नळ दिवसाआड येतो, तोही अवेळी.

एका चाळीत आम्ही गेलो तेव्हा शाळेच्या फीचा अर्ज हातात होता. मूळ जौनपूरकडचं कुटुंब, नवरा वालीवच्या कारखान्यात पॅकिंगला. सातवीतली मुलगी शाळेत जात नाही, फी थकली आहे, असं शिक्षिकेने कळवलं होतं. नानांनी आपल्या मोडक्या हिंदीत पाण्याचंच विचारलं. बाईने दाराआडचं निळं पिंप दाखवलं. अर्ध्यावर चीर गेलेलं, तिथे डांबर लावलेलं, तरी झिरपत होतं. म्हणजे पिंप अर्धंच भरायचं. अर्धं पिंप संध्याकाळपर्यंत पुरत नाही, म्हणून दुपारी खालच्या गल्लीतून दोन हंडे आणायचे. आई चार घरची भांडी करते, दुपारी ती कामावर. मग हंडे आणतं कोण? मुलगी आणते. शाळा दुपारची.

फी आम्ही भरलीच, पण त्याआधी त्याच आठवड्यात दोनशे लिटरचं नवं पिंप झाकणासकट त्यांच्याकडे पोचवलं. मुलगी पुढच्या सोमवारी शाळेत गेली. अर्जावर पिंपाचा उल्लेख कुठे नव्हता. चर्चच्या टेबलावर बसून आम्ही तो अर्ज मंजूर केला असता, पावती फाडली असती आणि मुलगी हंडेच वाहत राहिली असती. घरी जाण्याचा आग्रह मी धरते तो यासाठी.

पूर्वी सोसायटी महिन्याला धान्याची पिशवी देत असे. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, कांदे-बटाटे. भरायला चांगली माणसं येत, आगेऱ्याच्या सणानंतर शेतकरी आपल्या घरचा नवा तांदूळ आणून देत, त्यात फार मनापासूनची भावना असे. तरी काही वर्षांपूर्वी आम्ही पिशवी बंद करून चिठ्ठी सुरू केली. वस्तीतल्या एका किराणा दुकानदाराशी बोलणं करायचं, कुटुंबाला ठरावीक रकमेची चिठ्ठी द्यायची, काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं. दारू आणि तंबाखू सोडून काहीही.

बैठकीत यावर खूप चर्चा झाली. पहिल्या महिन्याची बिलं आली तेव्हा एका विधवेच्या बिलात आटा, मोहरीचं तेल, मीठ यांच्या खाली खोबरेल, केसांच्या पिना आणि टाल्कम पावडरीचा छोटा डबा होता. आमच्यातल्या एका काकांनी तो कागद टेबलावर ठेवला. लोकांनी पिशवीत टाकलेल्या पैशाची ही पावडर, असं त्यांचं म्हणणं. ते मनाने कठोर नाहीत, त्यांचा हिशेब लोकांच्या विश्वासाचा होता. उत्तर नानांनी दिलं. त्या बाईची थोरली मुलगी नुकतीच एका दवाखान्यात स्वागतकक्षात कामाला लागली होती. "तिथं पोरीनं काय चेहऱ्यानं बसायचं?" एवढंच ते म्हणाले. चिठ्ठी कायम राहिली. माझं मत असं की गरीब घराला धान्याइतकीच निवडीची भूक असते. वर्षानुवर्षं दुसऱ्याने भरलेली पिशवी घेत राहिलं की माणूस आपल्या स्वयंपाकघरातही पाहुणा होतो.

सरकारी कागदपत्रं हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे आणि तिथे माझी बँकेतली वर्षं कामी येतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना निराधार विधवांना, अपंगांना, दुर्धर आजाऱ्यांना आहे. पासष्टीच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ. विधवांना आणि वृद्धांना महिना १,५०० रुपये. त्यासाठी राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. एकवीस हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. नालासोपाऱ्यात या पैशात खोलीचं भाडंही निघत नाही. चार घरची भांडी घासणारी बाई खरं उत्पन्न लिहायला गेली की योजनेबाहेर जाते. ही मर्यादा वाढवायला हवी, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते आणि इथेही बोलते.

रेशनचं वेगळंच. मिठागरात आयुष्य काढलेले एक आजोबा आमच्याकडे आहेत. खारं पाणी, फावडं, मिठाचे खडे यांनी बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लागत नाही. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा त्यांनी बोटं धोतराला पुसली, केसांतून फिरवली, पुन्हा ठेवली. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी. मागे रांग. दुकानदार भला माणूस, तोही थांबला. शेवटचा मार्ग मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा, पण आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा घर सोडून गेल्याला खूप वर्षं झालेली. मग टपाल कार्यालयातल्या आधार केंद्रात जाऊन शेजारच्या सुनेचा नंबर जोडला, तिला समजावलं की महिन्यातून एकदा आजोबा येतील तेव्हा तेवढा आकडा वाचून दाखवायचा. तिने आनंदाने मान्य केलं. आता तांदूळ-गहू वेळेवर मिळतात. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की त्या निमित्ताने शेजारच्या घराचं दार त्यांना उघडं झालं. ती सून कधी भाजी देते, कधी नुसतं विचारते.

लोक आम्हाला एक प्रश्न विचारतात, तोही लपवून ठेवायचं कारण नाही. बदल्यात काय करायचं? वीटभट्टीवरच्या एका वारली बाईने फार सरळ विचारलं होतं, "तुमच्या चर्चला यावं लागेल का?" आजच्या हवेत हा प्रश्न स्वाभाविक आहे. आमची रीत पक्की आहे: घरात धर्मावर बोलायचं नाही, पुस्तक किंवा चित्र द्यायचं नाही, आपणहून प्रार्थना म्हणायची नाही. कुणी स्वतः म्हणालं, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर ती आपल्या घरी करायची. फोटोही काढायचा नाही. वार्षिक अहवालात नावं नसतात, क्रमांक असतात, आणि ती वही कुलपात असते. त्या बाईला मी सांगितलं, यावं लागणार नाही, आणि तुमच्या घरी आम्ही आलो हे गावात सांगणारही नाही. मग विचारलं, पाणी कुठून आणता? ती हसली आणि भट्टीच्या मालकाने खणलेल्या खड्ड्याकडे बोट केलं. त्या वस्तीत त्यानंतर आमच्या धर्मग्रामातल्या सिस्टरांनी पाणी उकळण्यापासून सुरुवात केली. मुलांचे जुलाब हा तिथला खरा आजार होता.

पुराचे आणि टाळेबंदीचे दिवस मी थोडक्यात सांगते, कारण त्या दिवसांत सगळी वसईच धावून जाते, त्यात आमचं वेगळं काही नाही. जुलै २०१८ मध्ये पाऊस थांबेना, रेल्वे बंद पडली, मिठागर वस्ती पाण्याने वेढली गेली. चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी खिचडीची पातेली चढवली. नंतर घरोघर गेलो तेव्हा कळलं की लोकांना काडेपेट्या, मेणबत्त्या, कोरडे कपडे आणि बायकांना महिन्याच्या वेळचे पॅड हवे होते. हे मागायला रांगेत कुणी पुढे आलं नव्हतं. २०२०च्या टाळेबंदीत चाळींतल्या कितीतरी कुटुंबांचं रेशनकार्ड गावी राहिलेलं होतं. तेव्हा चिठ्ठीची जुनी ओळख उपयोगी पडली. किराणा दुकानदार आम्हाला ओळखत होते, फोनवर नाव सांगितलं की सामान जात होतं. दोन महिने आम्ही कुणाच्या घरी बसू शकलो नाही. ते मला फार जड गेलं.

आता मात्र आमच्या कामाचं तोंड दुसरीकडे वळलं आहे, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

पश्चिमेच्या गावांत टुमदार बंगले उभे आहेत. वाडीतल्या केळी गेल्या, पानवेली गेल्या, घरं मोठी झाली. मुलं शिकली, आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली. मागे वरच्या मजल्याला कुलूप आणि खाली दोन म्हातारी माणसं, कधी एकच. पैसा येतो, कामाला बाई आहे, औषधं फोनवर मागवली जातात. सोसायटीच्या कुठल्याच यादीत ही घरं बसत नव्हती. एकदा रविवारच्या मिस्सानंतर एका मावशींनी माझा हात धरला आणि विचारलं, "तुम्ही गरिबांकडे जाता ना? माझ्याकडे या." मी म्हटलं, येते. नाना आणि मी गेलो.

त्यांनी बशीत सुकेळी काढून ठेवली होती. घड्याळ बंद होतं; त्यांना स्टुलावर चढायची भीती वाटते, आणि कामवाल्या बाईला सांगायचं रोज विसरतं. नानांनी सेल बदलला. मग सवयीने पाण्याचं विचारलं. मावशी सांगू लागल्या: लग्न होऊन आल्या तेव्हा बावखलावर कपडे धुवायला सगळ्या सुना जमायच्या, आमच्या सामवेदी बोलीत गाणी म्हणायच्या, सासवांची उणीदुणी काढायच्या, पावसाळ्यात तिथे बेडूक ओरडायचे. आता बोअरचं पाणी नळाला येतं, घराबाहेर पडायचं कारणच उरलं नाही. काळोख पडायला आला तरी त्या बोलतच होत्या. आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांनाही काही घ्यायचं नव्हतं.

बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक तांत्रिक अडचण आली. आमच्या वहीत भेटीपुढे 'दिलेली मदत' असा रकाना आहे. काय लिहायचं? घड्याळाचा सेल? कुणी म्हणालं, ही कामं सोसायटीची नव्हेत, जिथे भूक आहे तिथे आपला वेळ जायला हवा, तो आधीच कमी पडतो. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. चाळीतल्या घराला आठवड्याचा उशीर झाला तर चूल थंड पडते, बंगल्यात पडत नाही. मी मात्र ठाम आहे. सिस्टर रोझालींनी त्या विद्यार्थ्यांना घरी जायला लावलं, नुसती लाकडं पाठवायला लावली नाहीत. भेट हीच मदत असेल तर ती ज्याला नाही त्याला द्यायला हवी, मग त्याचं घर कितीही मजल्यांचं असो. फादरांनीही माझी बाजू उचलली. रकाना तसाच ठेवला; त्यात आम्ही आता 'भेट' असं लिहितो.

यातून अनपेक्षित काही घडलं. बंगल्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना विचारलं की चाळीतल्या दोन मुलींना गणित शिकवाल का. मुलींना तिकडे न्यायची जबाबदारी आमची. ते शनिवारी शिकवतात, आणि आदल्या दिवशी फोन करून मुली नक्की येणार ना, याची खात्री करून घेतात. दुसऱ्या एका आजींनी आपली जुनी शिवणाची मशीन तेल घालून दिली. तिच्यावर एक बाई ब्लाऊज शिवते आणि आजींना मापं विचारायला येते. गरीब कोण आणि सभासद कोण, हे वहीत वेगवेगळ्या पानांवर आहे. घराघरांत ते पुष्कळदा एकत्र येतं.

आता गरज माणसांची आहे. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतो, पण आठवड्यातून तीनदा पहाटे रुग्णालयात पोचायचं कसं, हे त्या योजनेत येत नाही. त्यासाठी गाडी चालवणारी, पहाटे उठणारी तीन माणसं हवीत. एक मिळाला आहे, नानांचा नातू. भोजपुरी बोलणारं कुणी मिळालं तर चाळीतल्या बायका हिंदीत सांगत नाहीत ते सांगतील. आणि बंगल्यांकडे जाणाऱ्या जोड्यांत एक तरी विशीतलं असावं असा माझा आग्रह आहे, कारण म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच वयाच्या माणसांकडून आजारांच्या गोष्टी ऐकायचा कंटाळा येतो. येत्या रविवारी तिन्ही मिस्सांनंतर चर्चच्या दारात नावनोंदणीचं टेबल मांडणार आहोत. महिन्यातून दोन संध्याकाळी देता आल्या तरी चालेल. सुरुवातीच्या भेटींना मी किंवा नाना बरोबर येऊ.